बोंबलाला बांधलेला कागद

चित्रा, लिही गं बाय. मी बोलते तसंच लिही, सुधारायला जाऊ नको.

ही गोष्ट मधुसाहेबांची. डोंबिवलीचा माणूस, चाळिशीचा, शर्टाचं वरचं बटणपण लावणारा. अठ्ठ्याण्णव साल असेल. वागळे इस्टेटच्या कंपनीत मी झाडू-लादी करायची आणि तो कंप्युटरची खोली सांभाळायचा.

त्या खोलीत एक चपटी लोखंडी पेटी होती. स्विच म्हणायचे तिला. बत्तीचा नाही गं, हसतेस काय! अख्ख्या कंपनीच्या कंप्युटरच्या वायरी तिच्यात घुसलेल्या. पेटीत शिरायला ज्याचं त्याचं नाव, ज्याचा त्याचा गुपित शब्द. बाकीच्यांना नुसतं बघायची परवानगी. बदल करायची दोघांनाच, मधुसाहेबांना आणि मोठ्या साहेबांचा पुतण्या दौलत, त्याला. कोण शिरला, किती वाजता, काय बदललं, सगळं बाजूच्या मशीनवर छापून यायचं. लांबच लांब कागद, कडेला भोकं.

मी एकदा विचारलं, "एवढा कागद कशाला हो?"

"पेटी बंद करून चालू केली की तिच्यातली नोंद पुसली जाते, शेवंतीबाई. मग हा कागदच सांगणार."

छपाई बिघडली की तो कागद मला द्यायचा. मी त्यात सुके बोंबील बांधून बाळकुमला बाजारात विकायची. जाड कागद, तेल फुटत नाही.

एका शनिवारी टेबलाखाली गठ्ठा दिसला. मला वाटलं, माझ्यासाठीच ठेवलाय. विचारलं नाही. पिशवीत घातला. रविवारी सगळा गेला, गिऱ्हाइकागणिक एक तुकडा.

सोमवारी मोठे साहेब आले आणि बोंबाबोंब! शुक्रवारी कुणीतरी पेटीत बदल करून गोदामाच्या सगळ्या कंप्युटरचं कनेक्शन तोडलेलं, वर पेटी बंद करून चालू केलेली. माल दिवसभर अडकलेला. दौलत छाती काढून म्हणाला, "मी हातपण नाही लावला."

मोठे साहेब म्हणाले, "मधु, मग तूच. दुसऱ्या कुणाला परवानगीच नाही."

"कागद बघा ना साहेब! नाव छापलेलं असेल."

आणि कागद नाही. खोली उलटीपालटी केली. मी तिथेच फडकं घेऊन उभी. मधुसाहेबांनी मला विचारलं, "शेवंतीबाई, टेबलाखालचा गठ्ठा बघितलात?"

मी म्हटलं, "नाही."

तुझा बाप तेव्हा शाळेत, आजोबांची होडी बंद पडून किनाऱ्याला लागलेली. माझी नोकरी गेली असती. पण खरं सांगितलं असतं, तर निदान गठ्ठा गायब करणारा मधुसाहेब नव्हता एवढं तरी कळलं असतं. त्याने कागदपण लपवला, असं ठरवून त्याला काढला.

शेवटच्या दिवशी त्याने किल्ल्या दिल्या, टेबल पुसलं. मग जिन्यात मला गाठलं. हातात पेपरची रद्दी, सुतळीने नीट बांधलेली.

"बोंबलाला ही घ्या. त्या खोलीतला कागद आता नका नेऊ. पुढचा माणूस नवीन असेल, त्याला माहीत नसणार."

चढ्या आवाजात नाही, टोमणा नाही. मी मान खाली घालून रद्दी घेतली. तेव्हापण कबूल केलं नाही गं. तो खाली उतरून गेला.

ती रद्दी अजून माळ्यावर आहे. त्यात एक बोंबील बांधला नाही मी.

आता वाचून दाखव. मी "नाही" म्हटलं, ते लिहिलंस ना?