कट्यारीच्या टोकावरचा डाग

आमच्या घरात मौल्यवान वस्तू एकच, आणि तीही माणूस मारायची. सासऱ्यांच्या पणजोबांची कट्यार. संस्थानच्या नोकरीत मिळाली, असं सासूबाई सांगत. कशाबद्दल मिळाली असं विचारलं की भाजीचा विषय काढत. दांडिया बाजारातलं जुनं घर सोडून आम्ही गावातच सुभानपुऱ्यात फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा ती माझ्या पैठणीत गुंडाळून आली.

पण देखणी म्हणजे किती! मुठीच्या दोन्ही पट्ट्यांवर सोन्याची तार ठोकून वेल चढवलाय. बाहेरच्या अंगाला वाघ, आणि आतून, धरणाऱ्याच्या मनगटाशी, कमळ. आमचे हे समजावून सांगायचे, "वाघ समोरच्यासाठी. आपल्याला कमळच दिसलं पाहिजे, नाहीतर हातात शस्त्र आलं की माणूस चेकाळतो." पात्यावर चंद्र-सूर्य, ते असेतोवर घराणं नांदावं म्हणून. मारायच्या वस्तूवर इतका जीव लावणाऱ्या त्या कारागिराला मी आजही मनातल्या मनात हात जोडते.

लग्नात नवऱ्यामुलानं ही कट्यार टोकाला लिंबू खोचून हातात धरायची, ही आमची रीत. लग्न लागलं की त्यानंच लिंबू काढून टोक पुसायचं, तेल लावायचं. आमच्या लग्नात हे विसरले. नवी बायको मिळाल्यावर पोलाद कोणाला आठवतं? तसेच आम्ही कुलदैवताला जेजुरीला गेलो. परत येऊन पाहतो तर लिंबू वाळून चिकटलेलं, आणि चांगलं बोटभर पातं आंबटानं काळंनिळं पडलेलं. सासूबाईंनी मला पुष्कळ ऐकवलं, जणू मीच लिंबू पिळलं होतं. हे नुसते हसायचे.

हे जाऊन दोन वर्षं झाली. यंदा मुलाचं लग्न ठरलं, मुलगी इथलीच, पलीकडच्या अकोट्याची, गुजराती. मुलानं कट्यार काढली आणि म्हणाला, "आई, शिकलगाराकडून घासून आणतो. टोक बघ किती घाण झालंय. तिकडची मंडळी काय म्हणतील?"

झालं, माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "मूठ घास, म्यान घास, हवं तर मला घास. टोकाला हात लावलास तर मी मांडवात येणार नाही."

त्याला तो गंज वाटत होता. मग मी डागाची गोष्ट सांगितली. सांगताना रडू आलं, आणि रडू आलं म्हणून अजूनच राग आला. यांचे कपडे देऊन टाकले, चष्मासुद्धा दिला. त्यांच्या हातून झालेलं असं घरात तेवढंच उरलं होतं. मुलगा कट्यार घेऊन शिकलगाराकडे गेला. आणली ती म्यानात घालूनच. बघायचा मला धीर झाला नाही.

लग्नाच्या दिवशी तो फेटा बांधून उभा राहिला तेव्हा मूठ लखलखत होती. लिंबू चांगलं मोठं होतं, टोक काही दिसेना. अक्षता पडल्या, सगळे जोडप्याकडे बघत होते आणि मी लिंबाकडे.

हार घातल्याबरोबर त्यानं लिंबू उपसलं आणि रुमालानं पातं पुसलं. शेजारी व्याही वाकून सोन्याचं काम बघत होते. "वाघ तो बहु सरस छे," ते म्हणाले. मग त्यांनी टोकाकडे बोट करून विचारलं, "पण आ काळुं शुं छे?"

"उपरनुं काम कारीगरनुं," माझा मुलगा म्हणाला. "आ मारा पप्पानुं."