गोदामाचा घसारा आणि काकूंचा भात

बालाघाटहून वारासिवनीकडे जाताना एक राइस मिल लागायची. साठच्या दशकात मी तिथे मुनीम म्हणून लागलो आणि त्या नोकरीच्या जोरावर माझं लग्नही ठरलं.

मालकांनी त्याच वर्षी ठेकेदाराशिवाय गोदाम बांधलं होतं. विटा स्वतःच्या शेतात भाजल्या आणि ओळंबाही स्वतःच धरला. पाहुणा आला की चहाच्या आधी गोदाम. मालक भिंतीवर थाप मारत, मग पाहुण्यालाही मारायला लावत.

वर्षाखेरीला मी वही उघडून म्हणालो, "मालक, गोदामाचा घसारा लिहायचा आहे. वापरानं इमारत थोडी झिजते. तेवढी रक्कम खर्चात टाकायची आणि इमारतीच्या खात्यातून कमी करायची."

मालकांनी मला हाताला धरून थेट गोदामात नेलं.

"दाखव. कुठं झिजली?"

"दिसत नाही मालक. कागदावर झिजते."

"म्हणजे पावसानं नाही झिजली ते तू पेनानं झिजवतो? आयक मुनीमजी, वहीत माहं गोदाम आज ज्या आकड्यावर आहे, त्याच्या एक रुपया खाली उतरलं तर तुह्या जागी दुसरा माणूस बसन."

घसारा लिहिला नाही तर आयकराचं काम पाहणारे वकीलसाहेब वही परत पाठवणार. लिहिला तर नोकरी गेली आणि तिच्यामागून नवरीही. मी ओसरीवर येऊन बसलो. मालकांच्या पत्नी तिथे तांदूळ निवडत होत्या. त्यांना सगळे काकू म्हणत.

"काहून रे बाबू, सुतकात असल्यावानी बसला?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"गोदामाच्या खर्चात माहा भात लिहिला का?"

"कोणता भात?"

काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. चुलीमागची भिंत कोळशाच्या रेघांनी भरली होती. गोदाम बांधताना गवंडी आणि मजुरांना मजुरीबरोबर दुपारचं जेवणही ठरलेलं होतं. रोज जितक्या पायल्या तांदूळ शिजला, तितक्या रेघा. दिवाळीत सुनेनं चुन्याची बादली आणली, तर काकूंनी तिला उंबऱ्यावरूनच परतवलं होतं.

वहीत तो सगळा तांदूळ मालकांच्या घरखर्चात पडला होता. म्हणजे कागदावर घरची पाच माणसं रोज चाळीस जणांचा भात फस्त करत होती!

मी पाटावर बसून रेघा मोजल्या. काकू उलथण्यानं दाखवत होत्या.

"या रेघीतून थोडा कमी कर. त्या दिवशी तुहा मालकही मजुरांच्या पंगतीले बसलता."

इतका कडक तपासनीस मला पुन्हा भेटला नाही. तांदळाची रक्कम मी घरखर्चातून काढून इमारतीच्या खात्यात नेली आणि मग त्या पूर्ण किमतीवर घसारा लिहिला. वही मालकांसमोर ठेवली.

"घसारा लिहिला?"

"हौ."

त्यांनी आकडा दोनदा वाचला. "मंग हे वाढलं कसं?"

"काकूंच्या भातानं."

मालक उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि बराच वेळ ती भिंत पाहत राहिले.

"अन् पुढच्या साली?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"पुढच्या साली माझं लग्न झालेलं असेल, मालक."

ते इतके हसले की काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

त्यानंतर पाहुणा गोदामाला थाप मारून आला की काकू त्याच्या हातात चहा देत आणि म्हणत, "आता इकडची भिंत पाहा."