पोहता न येणारे कप्तानमामा

कप्तानमामांना पोहता येत नव्हतं. ही गोष्ट ते लपवत नसत. उलट होडी सुटण्याआधी बसलेल्या प्रत्येकाला स्वतःहून सांगत, "हे बघा, मला पवता येत न्हाई. कोणी पाण्यात पडलं तर मी उडी मारणार न्हाई. म्हणून जाकीट घाला आन् बंद बराबर आवळा." माणसं क्षणभर त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची आणि मग मुकाट्याने जाकीट चढवायची. मॅनेजर कपाळाला हात लावायचे. "मामा, लोक इथं मजा करायला येतात. त्यांना घाबरवता कशाला?" त्यावर मामांचं उत्तर ठरलेलं. "घाबरलेला माणूस शांत बसतो, साहेब."

जालन्याच्या एमआयडीसीपलीकडे, मोठ्या रस्त्याला लागून एक बाग होती. बागेत मुद्दाम खोदलेलं तळं, तळ्यावर प्लास्टरचा कमानदार पूल, आणि पुलाखालून फिरणारी गोंडोला. परदेशात एका शहरात म्हणे रस्त्यांऐवजी पाणीच आहे आणि तिथले लोक असल्या लांबट काळ्या होड्यांतून हिंडतात. आमची होडी त्याची नक्कल, फायबरची. टोकाला चकचकीत पितळी तुरा, आत लाल मखमली बाकं. मी तेव्हा डी.एड. होऊन शिक्षक भरतीची वाट बघत होते, आणि तोवर बागेच्या तिकीट खिडकीत बसत होते. मामा आधी एका रोलिंग मिलमध्ये जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तार भरायचे. मिल बंद पडली आणि पन्नाशी उलटून गेल्यावर त्यांच्या अंगात आडव्या पट्ट्यांचा बनियन आणि डोक्यावर लाल फितीची टोपी आली. पहिल्या दिवशी आरशात बघून ते म्हणाले होते, "बायकोला सांगू नका." पण तिला बघायला बोलावलं त्यांनीच, आणि पहिली फेरीही तिलाच मारून आणली.

आमची गोंडोला वल्ह्याने चालत नसे. बाकांखाली चार बॅटऱ्या, मागच्या फळीखाली मोटर, मोटरीला पाण्यात फिरणारा पंखा. मामा मागे उभे राहत. पायाशी एक दांडी असे, ती पायानेच पुढे-मागे सारून ते वेग कमी-जास्त करत. हातातलं लांब वल्हं केवळ दिसण्यापुरतं होतं. पण ते वल्हं मामा असं काही मारत, की मोटर आहे यावर कुणाचा विश्वास बसू नये. वेग वाढला की हात जोरात, वेग उतरला की हात सैल. जांब समर्थचं दर्शन करून परत जाणारी एक म्हातारी एकदा होडीत बसली. अर्ध्या वाटेत तिने पिशवीतली पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली. "घे रे बाबा, किती दमून राह्यलास." मामांनी पाणी घेतलं आणि म्हणाले, "मावशी, खाली मोटर हाय." म्हातारी उतरेपर्यंत हसत होती.

सकाळी बाग उघडण्याआधी ते बॅटऱ्यांवरची पांढरी भुकटी पुसत, पंख्यात अडकलेले वेफरचे कागद आणि शेवाळ काढत. मग रिकाम्या होडीची एक फेरी मारून नुसता आवाज ऐकत. पुलाच्या बरंच आधी ते मोटर बंद करायचे आणि होडी उरलेल्या वेगाने अलगद कमानीखालून निघायची. मला म्हणायचे, "मोटर चालू करायला कोणालाबी येतं ताई. बंद कुठं करायची, ते शिकावं लागतं."

एका रविवारी तेच कामाला आलं. एक कुटुंब फेरीला बसलं होतं. तळ्याच्या मध्यावर बाप फोटो काढायला एकदम उभा राहिला, होडी एका अंगावर झुकली आणि त्याची सहा-सात वर्षांची मुलगी मागच्या बाजूने पाण्यात पडली, पंख्यापासून हातभर अंतरावर. मी खिडकीतून उठून काठाकडे धावले. मामांनी आधी मोटर बंद केली, मग हातातलं वल्हं तिच्यापुढे आडवं धरलं. जाकिटामुळे मुलगी वर तरंगत होती. तिने वल्हं पकडलं, बापाने तिला जाकिटाच्या पट्ट्याला धरून वर ओढलं. सगळं मिनिटाभरात. काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी मामा डबा खायला आले नाहीत. चार्जिंगच्या शेडमध्ये एकटेच बसले होते.

"मामा, पोरगी तुमच्यामुळं वाचली," मी म्हटलं.

"जाकिटामुळं वाचली. मी मोटर बंद केली, वल्हं धरलं. पण उडी मारायला अंग पुढं झालं न्हाई. जाकीट निसटलं असतं, तर मी बघतच उभा राह्यलो असतो."

मग मी इतके दिवस ओठांवर आलेला प्रश्न विचारला. लहानपणी शिकला कसे नाहीत? ते खेड्यात, भोकरदनकडे वाढलेले. खेड्यातली पोरं पोहायला शिकतातच.

"कुठं शिकणार? नदीला पाणी चार महिने. बाकी पोरं विहिरीत शिकायची. आम्ही बौद्धवाड्यातली. विहिरीच्या काठावर उभं राह्यलं तरी दगड मारून हाकलायचे. एकदा मी चोरून दोन पायऱ्या उतरलो होतो. मंग माझ्या बापाला गावासमोर माफी मागावी लागली. त्या दिवसापासून पाण्याकडं बघितलं की बापाचे जोडलेले हात दिसतात."

घरी आल्यावर मी हे अण्णांना, माझ्या वडिलांना सांगितलं. आमचं शेत बागेपासून तीन-चार किलोमीटरवर, आणि शेतात बांधीव पायऱ्यांची विहीर. अण्णा म्हणाले, "मंगळवारी बाग बंद असती ना? त्यांना घेऊन ये."

मामा आले, पण पायऱ्यांच्या तोंडाशी थबकले. अण्णा आधीच पाण्यात उतरले होते. खालून म्हणाले, "कप्तान, खोटं बोलत न्हाई. तुमच्या लहानपणी आमच्या बी विहिरीत तुम्हाला उतरू दिलं नसतं. माझ्या बापानंच हाकललं असतं. आता मी बोलावून राह्यलो. या."

मामांनी चप्पल काढली. एकेका पायरीवर थांबत ते खाली आले. अण्णांनी त्यांच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला आणि पोटाखाली हात धरला. पहिल्या दिवशी मामांनी एवढं पाणी गिळलं की अण्णा म्हणाले, "थोडं पिकाला राहू द्या." विहिरीत दोघांचं हसू घुमलं. तो सबंध उन्हाळा दर मंगळवारी हेच चाललं. जूनच्या तोंडाशी अण्णांनी डबा सोडला आणि मामांनी एकट्याने पोहून विहिरीला एक फेरी मारली. वर येऊन ते पायरीवर बसले. एवढंच म्हणाले, "बाप पाह्यजे होता आज."

त्यानंतर होडीतलं त्यांचं भाषण बदललं. "मला पवता येतं. पण सहा जणांना घेऊन येत न्हाई. जाकीट घाला."

पुढच्या वर्षी एका कामाने मी आणि अण्णा मामांबरोबर त्यांच्या गावी गेलो होतो. ती विहीर अजून होती, पाणीही होतं. मालकाचा नातू भला माणूस. त्याला जुनी गोष्ट ठाऊक होती. तो स्वतःहून म्हणाला, "काका, उतरा ना. तुमचीच समजा." मामांनी वाकून आत पाहिलं, पण उतरले नाहीत. अण्णांकडे बोट दाखवून म्हणाले, "माझी विहीर तिकडं हाय, ह्यांच्या शेतात."

नंतर मला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली. बागही बंद झाली. जमिनीचे प्लॉट पडले आणि गोंडोला दूरच्या कुठल्याशा हॉटेलने विकत घेतली. ती ट्रकवर चढवली तेव्हा मामा सोबत गेले, नव्या चालवणाऱ्याला दोन दिवस शिकवून परत आले. "पोरगा हुशार हाय, पण जल्दी करतो," एवढाच अहवाल. पुढेही मंगळवारी ते आमच्या शेतावर येत राहिले. पोहून झालं की दोघं म्हातारे काठावर बसून शेंगा खात.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. अण्णांचे गुडघे आता चालू देत नाहीत, म्हणून मी एकटीच त्यांच्या घरी गेले. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धांच्या तसबिरी, खाली मामांचा फोटो. मामांची आठ-नऊ वर्षांची नात आल्यागेल्याला पाणी देत होती. तिने मला विचारलं, "आजोबा तुमच्या विहिरीत पवायचे ना?"

परतले तेव्हा अण्णा ओट्यावर वाट बघत होते. मी सगळं सांगितलं. कोण कोण आलं होतं, मामी कशी आहे, नात काय म्हणाली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विहिरीच्या दिशेला तोंड करून बसून राहिले. मी चहा करायला उठले, तेव्हा त्यांनी हाक मारली.

"त्या पोरीला पवता येतं का?"

"न्हाई अण्णा. मामा या उन्हाळ्यात शिकवणार होते म्हणे."

"मंग सुट्ट्या लागल्या की घेऊन ये तिला," अण्णा म्हणाले. "मला उतरवणार न्हाई. तुला मीच शिकवलंय, तू उतर. मी काठावर बसतो."