स्वप्न विकणारी थोरली

वसुधा मिरजेच्या शाळेत शिक्षिका. तिने लग्न केलं नाही आणि आई-वडिलांचं शेवटपर्यंत केलं. धाकटी ऊर्मिला लग्न होऊन जर्मनीत लुडविग्सहाफेनला आली. तिचा नवरा जयंत तिथे रसायनांच्या कारखान्यात इंजिनिअर. ताईला बोलवायचं ती दर उन्हाळ्यात ठरवी आणि दर उन्हाळ्यात काहीतरी कारण निघे. शेवटी २००७च्या मे महिन्यात जयंतनेच परस्पर तिकीट पाठवलं.

शेजारच्या फ्राउ वांग तरुणपणी नर्स म्हणून कोरियातून आलेल्या. पाहुणी आली म्हणून तांदळाची मिठाई घेऊन आल्या आणि आपल्या घराण्याच्या, म्हणजे कोरियातल्या एका जुन्या राजघराण्याच्या, मूळ आजीची दंतकथा सांगू लागल्या. त्या जर्मनमध्ये सांगत आणि ऊर्मिला ते ताईला मराठीत.

त्या आजीचं नाव जिनुई. तिच्या थोरल्या बहिणीला स्वप्न पडलं, की आपण डोंगरावर चढून लघवीला बसलो आणि सगळा मुलूख बुडाला.

वसुधा खळखळून हसली. "शी! आणि ही म्हणे राजघराण्याची गोष्ट!"

"हो, हो," फ्राउ वांगही हसल्या. जिनुईने शकुन ओळखला आणि आपला रेशमी घागरा देऊन बहिणीचं स्वप्न विकत घेतलं. पुढे एक थोर घरचा परदेशी पाहुणा मुक्कामाला आला. त्याचा फाटका कपडा शिवायला बापाने थोरलीला पाठवलं. उंबऱ्यातच तिच्या नाकातून रक्त आलं. ती मागे फिरली आणि धाकटी आत गेली. त्याच धाकटीचा पणतू राजा झाला.

ऊर्मिलाची जीभ अडखळली. ती मराठीत एवढंच म्हणाली, "मग एक पाहुणा आला, त्याला जिनुई आवडली. तिचा पणतू राजा झाला."

थोरलीचं पुढे काय झालं, हे तिने जर्मनमध्ये विचारलं. फ्राउ वांगनी खांदे उडवले. "कोण जाणे. वंश धाकटीचा ना!"

कितीतरी वर्षांपूर्वी मिरजेच्या घरी जयंत पाहायला आला होता तो वसुधाला. त्या सकाळी वसुधाचे डोळे आले, लालभडक. पाहुणे घरून निघालेले. आई म्हणाली, "उमे, ताईची साडी नेस आणि पोहे तेवढे नेऊन ठेव." ऊर्मिलाने पोहे ठेवले. जयंतच्या आईने हाताला धरून शेजारी बसवलं आणि थोरलीबद्दल विचारलं. पुढच्या रविवारी या, एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. ऊर्मिला म्हणाली, "ताईला एवढ्यात लग्नच करायचं नाही." हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती साडी तिने परतही केली नाही. जिनुईने निदान घागरा तरी दिला होता.

फ्राउ वांग गेल्या. ऊर्मिला कप विसळायला उठली.

"मधलं गाळलंस तू," वसुधा म्हणाली. "त्या बाई नाक धरून मागे वळून दाखवत होत्या. नाकातून रक्त आलं ना कुणाच्या तरी?"

"थोरलीच्या."

"आणि आत गेली धाकटी."

ऊर्मिलाने नळ सोडला.

"नळ बंद कर, उमे. त्या दिवशी मी दाराआडच होते. डोळे आले होते, कान नाही."

नळ बंद झाला. ऊर्मिलाची मान वर होईना. तिला वाटलं, ताईने ओरडावं.

"साडी आहे?" वसुधाने विचारलं.

"आहे."

"आण बघू."

कपाटाच्या तळाची साडी ऊर्मिलाने आणून टेबलावर ठेवली. मोरपंखी, बारीक काठाची. वसुधाने पदर उलगडला. रेशीम घडीवर चिरलं होतं, प्रत्येक घडीवर.

"नेसलीच नाहीस कधी?"

"नाही."

"मग ठेवलीस कशाला?"

ऊर्मिलाने चिरलेल्या घडीवरून बोट फिरवलं. वसुधाने पदराची होती तशी घडी घातली आणि साडी तिच्याकडे सरकवली.

"आता मी तरी काय करू हिचं?"