खोक्यांची दोन शहरं

तोक्योच्या कोतो भागातल्या आमच्या इमारतीत पुठ्ठ्याची रिकामी खोकी सोमवारी सकाळी रद्दीसाठी बाहेर ठेवायची असतात, दोरीने नीट बांधून. त्या सोमवारी मला ऑफिसातही उत्तर द्यायचं होतं. आमच्या ट्रेडिंग कंपनीने पुढच्या तीन वर्षांसाठी माझ्यापुढे दोन शहरं ठेवली होती, आदिस अबाबा किंवा मोम्बासा. नवऱ्याची नोकरी इथली, तो तोक्योतच राहणार हे ठरलं होतं. लेक कुणाजवळ राहणार, हे ठरत नव्हतं. आम्ही शहाणपणाचा आव आणून ते दहा वर्षांच्या पोरीवरच सोडलं, आणि मग मलाच पस्तावा झाला. तिचा जन्म इथला, मैत्रिणी इथल्या, ती माझ्याबरोबर कशाला येईल?

रविवारी दुपारी मी भाजी घेऊन आले तर घरात पाय ठेवायला जागा नाही. साठलेली सगळी खोकी कापून तिने खोलीभर दोन शहरं मांडली होती.

एक निळ्या चादरीवर. "हे मोम्बासा. आयलंड आहे, मम्मा." बंदरावर पुठ्ठ्याच्या क्रेन, आणि तिथून रेल्वेचे रूळ थेट पडद्यापर्यंत, कारण ज्या देशांना समुद्रच नाही, त्यांचाही माल इथे उतरतो. जुन्या गावाला नक्षीदार दारं. वाऱ्याच्या भरवशावर आपल्या किनाऱ्यावरून तिथे गलबतं जायची आणि तिथे चपातीला चपातीच म्हणतात, हे तिने मला सांगितलं. मला! महिनाभर ह्या शहरांचे अहवाल मी वाचत होते.

दुसरं शहर, आदिस अबाबा, गाद्यांच्या चळतीवर, माझ्या कमरेएवढं उंच. "इथे पळालं की दम लागतो. हाइट जास्त आहे ना." समुद्र कुठेच नाही, पण साऱ्या आफ्रिकेची बैठक भरते ती इथे. नव्या इमारती अजून बांधून व्हायच्यात म्हणून तिने मुद्दाम बिनछपराच्या ठेवल्या होत्या. पाहुणा आला की कॉफी त्याच्यासमोर भाजतात. वर्षाचे महिने तेरा. घड्याळ सूर्याबरोबर सुरू होतं, म्हणजे आपले सकाळचे सात तो त्यांचा एक. मी तिथेच फतकल मारून बसले. अशी दोन जगं तिकडे नांदतायत, आणि मी त्यांच्याकडे बदलीची ठिकाणं म्हणून बघत होते! खरंच थक्क झाले.

मी रत्नागिरीची, मला समुद्र सोडवत नाही. "मग मोम्बासाच बरं, नाही का?" मी विचारलं.

"चिगाऊ," ती म्हणाली. म्हणजे नाही. तिने बोट दाखवलं. खोकी बांधायची दोरी आदिसच्या गाद्यांवरून निघाली होती, टेबलाखालून जाऊन दाराशी काढलेल्या बाबाच्या बुटांना बांधली होती. येताना मी ती पसारा समजून ओलांडली होती.

"इथून तोक्योचं विमान आहे. मोम्बासाला मध्येच दुसरं पकडावं लागतं. बाबा एकटा असला की चुकतो."

"आणि तू?" मी विचारलं.

तिने मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं आणि गाद्यांवरच्या सर्वांत वरच्या घराचं झाकण उचललं. आत कागदाच्या दोन बायका होत्या, एक मोठी, एक लहान.

सोमवारी सगळी खोकी दुसऱ्या दोरीने बांधून बाहेर गेली. बुटांची दोरी मात्र तिने सोडू दिली नाही. नवरा त्या दिवशी जुने बूट घालून ऑफिसला गेला.