जोतीरामाचं खरं दुखणं

नवऱ्याचं नाव बायकोनं घिऊ न्हाई म्हणत्यात. पण न घेता सांगत बसले तर तुमीच इचारशीला, कोण मालक, कुठलं मालक? म्हणून एकदाच घेते आन् मोकळी हुते. जोतीराम. आता पुन्यांदा घ्यायला लावू नगा.

आमचं गाव किस्नाकाठी, सांगलीच्या वरच्या अंगाला. तांबडं फुटायच्या आत मालक नदीत गळ्याइतक्या पाण्यात बसत्यात. वर आलं की उसाला पाणी पाजत्यात, म्हसरांच्या धारा काढत्यात, आन् ऊन चढलं की खुशाल लिंबाखाली पडत्यात. चुलीपाशी जेवायला बसत न्हाईत. हाताशी काठी असती, कवा लागती, कवा न्हाई. परवा एक पावणा म्हणाला, "सुखी दिसतोय गडी." व्हय बाबा, सुखीच हाय. पण हे सुख आमाला भांडून मिळालंय, आन् त्यातलं निम्मं भांडण मी केलंय.

मालकांची एक खोड. खोटं बोलायची येळ आली की जीभ टाळ्याला चिकटती. लगीन झालं त्या साली कराडच्या बाजारात बैल इकायला न्हेला. रुमालाखाली बोटं धरून सौदा ठरत आला, आन् ह्येंनी आपणहून सांगितलं, "डाव्या अंगानं जाऊ नगा, लाथ मारतोय." गिऱ्हाईक पळालं. बैल घरी आला, आन् त्यानं पयली लाथ मलाच घातली. थोरलं भावजी, म्हंजी ह्येंचं थोरलं भाऊ नाथाजी, हसून हसून लोळायचं बाकी ऱ्हायलं. आईबाप लवकर गेलं, तवा भावजींनीच ह्येंला खांद्यावर घिऊन वाढवलं. मालकांचा देव म्हंजी दादा.

मग लढाई लागली आन् मालक पलटणीत गेलं. आमच्या गावचा गुंडा नावाचा गडी बी त्येंच्याच कंपनीत. इराकच्या वाळूत दुपारच्या उनात चालता चालता मालकांचं पाय लाकडावाणी झालं, एका डोळ्याफुडं धुकं आलं, आन् पडलं. रातच्याला गार वारं सुटलं आन् सकाळी परेडला ताठ हुबं! असं लय डाव झालं. तिथला डाक्टर सकाळी तपासायचा, त्याला काय घावायचं न्हाई. शेवटी म्हणाला, हा लढाईला भितोय, सोंग करतोय. आन् दिलं घरी धाडून. गुंडा पलटण सोडून गावी आला तवा पारावर बसून त्यानं तेच तिखटमीठ लावून सांगितलं.

भावजींनी पयल्यांदा कानावर घेतलं न्हाई. पण आमचं गुऱ्हाळ लागलं. चुलवाणात जाळ घालायचं काम मालकांकडं. सकाळी पोरागत वाकून चिपाडं सारत व्हतं, आन् दुपारी रसानं भरल्याली काहील उतरायच्या ऐन टायमाला पाय मुडपलं ते खालीच बसलं. उतरायला हात कमी पडलं, रस करपला, माणसं गोळा झाली. गुंडा हसत म्हणाला, "बघा गड्यांनो, तिथंबी असंच." मी ह्येंला सावलीत निजवलं, अंगावर पाणी वतलं. दिस कलला तसं हे उठलं आन् आपल्या पायानं घराकडं चालाय लागलं. मेलं, तिथंच घोटाळा झाला! पडून ऱ्हायलं असतं तर बरं झालं असतं. भावजींनी ते चालताना बघितलं.

"काम नगं म्हण, मी एकटा करीन. पण माज्याशी खोटं?" येवढंच भावजी म्हणालं, आन् तवापासनं बोलणं टाकलं. जेवायला शेजारी बसायचं, पण शबुद न्हाई.

मालकांचं आन्नपाणी तुटलं. म्हणालं, "राही, पाय गेलं तर जाऊंदेत. पण दादाला मी खोटा वाटतोय गं." मला काय रडू आलं न्हाई. मला आला राग. पलटणीचा राग, गुंडाचा राग, आन् त्या मेल्या पायांचा बी राग. पडायचं तर सगळ्यांफुडं नीट पडावं की! निम्मंच दुखणं कसलं?

गावातलं जयपाल शेठ जैनाचं, आमचा गूळ इकत घ्यायचं. त्येंनी सांगितलं, सांगलीला त्येंच्या भावकीतलं जिनदत्त डाक्टर हाईत, शिरांच्या एका रोगाचा अभ्यास करत्यात. गोऱ्यांच्या मुलखात तो रोग लय, आपल्याकडं कवातरी. तसली माणसं हुडकायची, नवं औषध द्यायचं, आन् म्हैन्याच्या म्हैन्याला तपासून गुण येतोय का बघायचं. "मालकांला तिकडं न्या," म्हणालं.

न्हेलं. आता तुमीच सांगा, डाक्टरासमोर जायचं म्हंजी देवासमोर जायचं. पारोशानं कोण जातं? आदल्या सांजंला सांगलीत मावशीकडं उतरायचं, आन् तपासणीच्या दिशी पहाटं घाटावर मी ह्येंला किस्नामाईत चांगलं बुचकाळून काढायची. धुतलेला पटका, पुसलेलं बूट. आन् मालक तर शिपाईच. "सायबाफुडं डुलायचं न्हाई," म्हणायचं आन् बंदुकीगत हुबं ऱ्हायचं.

डाक्टर गुडघ्यावर हातोडी मारायचं. डोळं झाकून नाकाला बोट लावाय सांगायचं. फरशीवर खडूची रेघ मारून तिच्यावरनं चालवायचं, भिताडावरची अक्षरं वाचायला लावायचं. मालक सगळं झ्याक करायचं. रेघंवरनं तर असं चालायचं की मलाच अभिमान वाटायचा. तीन डाव गेलो. तिसऱ्या डावाला डाक्टरांनी हातोडी खाली ठेवली.

"गुडघा जरा जास्त उडतो, पण तेवढ्यावर रोग आहे असं मला म्हणता येत नाही. जे दिसलं नाही ते मी लिहिणार नाही. तुम्हाला अभ्यासात घेता येणार नाही."

मालकांचं तोंड उतरलं. म्हंजी पलटणीतला डाक्टर म्हणाला तेच खरं! माजं टकुरं फिरलं. पदर खोचला आन् म्हणाले, "आवं सायब, सकाळच्या पारी काय बघताय ह्येंच्यात? आमच्या गुऱ्हाळावर या की दुपारचं! चुलवाणाफुडं बसवा, आन् मग मारा तुमची हातोडी!"

डाक्टरांनी मान वर केली. "उष्णतेनं बिघडतं? आणि इथं येण्याआधी तुम्ही काय करता?"

"काय करणार? नदीत आंघोळ. पारोसं माणूस आणू व्हय तुमच्याफुडं?"

डाक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो बाई! तुम्ही दुखणं नदीत धुऊन काढता आणि धुतलेला माणूस माझ्याकडं आणता." मग सांगाय लागलं, की ह्या रोगात अंग तापलं की दुखणं वर येतं आन् गार झालं की दबतं. परमुलखात रोग्याला ऊन पाण्यात बसवून बघत्यात. "वाचलं होतं मी, पण विचारायचं राहिलं. पुढच्या खेपेला दुपारी या, आंघोळ न करता. आणि घरात ज्यांना हे सोंग वाटतं असं जयपाल शेठ सांगत होते, त्यांना बरोबर आणा."

सोंग वाटतं ते माणूस म्हंजी भावजी. आता थोरल्या दिराशी मी कसली बोलतीया? जल्मात बोलले नव्हते. पदर नाकापतूर वडला, भिताडाकडं तोंड केलं आन् भिताडालाच म्हणाले, "भिताडा, भाऊ खोटा हाय का खरा हे ज्याला बघायचं असंल त्यानं सांगलीला यावं. घरात बसून रुसायला काय, बायकाबी रुसत्यात." मागं खोकल्याचा आवाज आला. पण भावजी आलं.

दवाखान्यात आधी गार अंगानं रेघंवरनं चालवलं. मालक सरळ गेलं. भावजी दाराशी हाताची घडी घालून हुबं. मग पत्र्याच्या मोठ्या टबात ऊन पाणी वतलं, मालकांला गळ्यापतूर बसवलं. डाक्टरांचा हात नाडीवर. मालकांचं तोंड लालबुंद झालं, घाम निथळला.

"समोरची अक्षरं वाचा."

"पुसली की सायब," मालक म्हणालं.

बाहेर काढलं तर उजवा पाय फरफटला. बोटं फरशीला घासाय लागली. येका पावलात रेघ सुटली. डाक्टरांनी बाकावर निजवून तळपायाला हातोडीच्या दांड्यानं खरवडलं, आन् पायाचा अंगठा आपसूक वर गेला.

"नाथाजीराव, इकडं या. तुमच्या माझ्या पायाचा अंगठा असा खरवडला की खाली वळतो. शिरा बिघडल्या तरच तो वर जातो. ह्यांचे डोळे मिटलेले आहेत, ह्यांना ठाऊकसुद्धा नाही. हे सोंग असेल तर तुम्ही करून दाखवा."

भावजींनी पायतान काढलं आन् बाकावर बसलं. डाक्टरांनी खरवडलं. अंगठा खाली. भावजी म्हणालं, "आजून येकदा." खालीच. "दुसरा पाय बघा." त्योबी खाली. मग भावजी उठलं, आपल्या धोतराच्या सोग्यानं मालकांचं पाय पुसाय लागलं. पुसतच बसलं.

डाक्टरांनी मालकांला समदं खरं सांगितलं. ह्या रोगावर जगात आजून औषध न्हाई. येतो, जातो, फुडं वाढंल का न्हाई सांगता येत न्हाई. जाळापासनं, उनापासनं लांब ऱ्हावा. "आता अभ्यासात घेतो. सुया देईन, पण उपयोग होईल की नाही तेच मला शोधायचं आहे. आणि इथून पुढं सगळ्याच रोग्यांना मी दिवसाच्या ठरलेल्या वेळीच तपासणार, थंडही आणि तापवूनही. नाहीतर औषधाचा गुण कुठला आणि नदीचा गुण कुठला, कळणार कसं?"

माजं ध्यान तिथंच अडकलं. औषध न्हाई? आन् मालक बघते तर हसत्यात! डोळ्यातनं पाणी चाललंय आन् हसत्यात. "ऐकलंस का राही? रोग हाय म्हणालं."

गाडीत भावजी फुडं बैल हाकत बसलं, आमी मागं. वाटंत येका दुकानाशी गाडी थांबवली आन् हातात पुडकं घिऊन आलं. मागं वळून न बघता पुन्यांदा बैल हाकाय लागलं. मला वाटलं, आता ह्या जल्मी काय हे मालकांशी बोलत न्हाईत.

पारापाशी गाडी हुबी केली आन् पुडकं सोडलं. पेढं! पारावरच्या येकेकाच्या हातावर ठेवत गेलं. गुंडा म्हणाला, "काय नाथाजीदादा, पोरगं झालं का काय घरात?"

"न्हाई रं," भावजी म्हणालं. "आमचा जोत्या आजारी हाय. खरा आजारी हाय. म्या डोळ्यांनी बघितलंय." आन् गुंडाच्या तोंडात पेढा कोंबता कोंबता येवढा मोठा माणूस पारावर सगळ्यांफुडं हुंदकं देऊन रडला. गुंडा तोंडात पेढा घिऊन तसाच खाली मान घालून बसला.

मालकांनी गाडीतनं हाक दिली, "आवं दादा, समदं वाटून टाकू नगा, मला येक ठेवा."

गुऱ्हाळापासनं पयल्यांदाच भावजींनी त्येंच्याशी बोलायला तोंड उघडलं. धोतरानं डोळं पुसलं आन् वरडलं, "तुला दोन हाईत रं, गप बस!"