वारा मागून होता

आमच्या चौथ्या मजल्यावरचे काका पन्नाशी उलटल्यावर पॅराग्लायडिंग शिकायला लागले. दर रविवारी पहाटे पाठीवर गादीएवढी बॅग घेऊन कामशेतला जातात. एरवीही लिफ्टमध्ये शिरले की बटण दाबायच्या आधी मांड्या, छाती आणि हनुवटी चाचपतात. पट्टे बांधलेत का बघायची सवय. गेटवर समोरच्या इमारतीतल्या वाळत घातलेल्या साड्या बघून सांगतात, "आज वारा खाडीकडनं येतोय."

ते पहिल्यांदाच उंच टेकडीवरून उडणार, म्हणून आख्खी सोसायटी बस करून गेली. सेक्रेटरींनी सत्काराला शाल आणि नारळही घेतला होता. काका पट्टे बांधून, पंखाचं कापड मागे पसरून उभे राहिले. आम्ही मोबाईल वर धरले. त्यांनी चिमूटभर सुकं गवत उडवलं. ते त्यांच्या पाठीकडून पुढे दरीत गेलं. थोडं थांबून पुन्हा उडवलं आणि मग ते पट्टे सोडायला लागले.

"वारा मागून येतोय. उडायला समोरून लागतो. आज नाही."

"अहो काका, निदान व्हिडिओपुरतं तरी!" सेक्रेटरी म्हणाले. "एवढी पब्लिक आलीय."

"पब्लिक घरी जाईल हो. मला पण जायचंय."

परतताना बसमध्ये सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते. काका मात्र खिडकीशी बसून चवीने पोहे खात होते.

'घाबरले' असं सोसायटीत अजून बोलतात. काका मला भेटले की विचारतात, "तू कधी येतोयस शिकायला?" मी काहीतरी सांगून टाळतो. उडायची मला भीती वाटत नाही. पण तेवढे मोबाईल रोखलेले असताना मी पट्टे सोडले नसते.